लांबच्या गावाची गाडी आधी

मे महिन्यातल्या त्या दुपारी मिलच्या फाटकावरच्या बबनरावांचा फोन आला, तेव्हा मी कूलरसमोर पाय पसरून आंब्याच्या रसाची वाटी पुसून खात होते. हे मुद्दाम लिहिते आहे. कुणी गेलं की लोक नंतर सांगतात, सकाळपासूनच मन लागत नव्हतं, डोळा लवत होता. माझं काहीही लवत नव्हतं. रस गोड होता, कूलरमध्ये पाणी होतं, आणि बबनराव सांगत होते, "ताई, विमलबाई पडली रस्त्यावर. पुसद रोडले. गाडी ढकलत होती म्हनते." मी विचारलं, "कोणती गाडी?" एवढंच सुचलं मला. जशी काही तिच्याकडे चार गाड्या होत्या.

दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. भाजीच्या टेम्पोवाल्याने तिला उचलून आणलं होतं. डोक्याचा रुमाल तिने बांधला होता तसाच घट्ट होता, आणि कपाळाला हात लावला तर तव्यासारखं कपाळ. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. नर्स म्हणाली, उष्माघात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या, त्यातही उष्माघातच होता. गाडी असलेली बाई भर दुपारी गाडी ढकलत का चालली होती, हे कुणी विचारलं नाही. ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल...

विमल पडघान ही वाशीमच्या आमच्या डाळमिलमध्ये पॅकिंगच्या बायांची मुकादम. मी त्याच मिलमध्ये डाळीचे नमुने तपासते. ती राहायची अनसिंगला, मी वाशीममध्येच, मिलच्या पाठीमागच्या वस्तीत. रोज दुपारचा डबा आम्ही सोबत खाल्ला, कितीतरी वर्षं. तिला कुणी शांत, सोज्वळ, मितभाषी म्हणालं तर त्या माणसाने दुसऱ्याच कुठल्या तरी विमलचा लेख वाचावा. ही विमल भांडकुदळ होती. टेम्पोवाल्यांशी भांडायची, हमालांशी भांडायची, मिलच्या फाट्यावर एसटी थांबवत नाही म्हणून कंडक्टरशी रोज भांडायची. शेवटी एका दिवाळीआधी तिने कंडक्टरला तोंडावर सांगितलं, "ठेव बाप्पा तुही यष्टी तुह्यापाशी," आणि आठवड्याच्या आत इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन मिलच्या फाटकात उभी राहिली. रंग डाळिंबी. मागे पॅकिंगच्या बाया हसत होत्या, पुढे ही राणीसारखी बसलेली.

प्रल्हादभाऊ, म्हणजे तिचा नवरा, ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचं काम करतात. त्यांचा त्या गाडीवर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. "पेट्रोल नाई, धूर नाई, आवाज नाई. हे गाडी हाय का भूत?" असं ते म्हणायचे. आवाज नव्हता हे खरंच होतं. रस्त्यातल्या शेळ्यांना ती आलेली कळायचीच नाही, मग विमल अनसिंगपासून वाशीमपर्यंत "सरका वं बाया!" करत यायची. गाडीत जे कमी होतं ते तिने तोंडाने भरून काढलं.

मिलच्या पत्र्यांवर सौर पॅनेल आधीपासून होती, मोठ्या शेठांनी बसवलेली. तुरीचा हंगाम सरला की यंत्रं निम्मी बंद असायची आणि वरचं ऊन वाया जायचं. विमलने एकदा मोठ्या शेठांना उभ्या-उभ्या गाठलं. "शेठ, ऊन तं फुकट चाल्लं. आमच्या गाड्यायले पाजा न थोडं." मोठे शेठ हसले. पण माणूस जुन्या चालीचा होता, हसून विसरणारा नव्हता. पावसाळ्यानंतर अंगणाच्या कडेला गाड्यांची शेड उभी राहिली, तिच्याही छतावर पॅनेल, आणि खाली गाड्या लावायला प्लगची रांग. पॅनेलवर तुरीच्या फोलाचा बारीक धुरळा बसायचा. तो आठवड्यातून एकदा सकाळी धुवायचं काम विमलने न सांगता अंगावर घेतलं. म्हणजे पाइप धरायला ती, आणि आरडाओरडा करायलाही तीच.

शेड झाली आणि भांडणं सुरू झाली. एकीचं पाहून दुसरीने गाडी घेतली, तिचं पाहून हिशेबनिसाने घेतली, मीही घेतली. प्लग कमी, गाड्या जास्त. आधी कोण? ऑफिसातले म्हणाले, आधी ऑफिस. हमाल म्हणाले, जो आधी येईल त्याचा. विमलने डब्याच्या वेळी सगळ्यांसमोर निकाल लावून टाकला. "ज्याचं गाव लांब, त्याची गाडी आधी. मंग थो मुनीम असो का हमाल. जवळचा मानूस ढकलत बी घरी जाते, लांबचा काय करन?" मोठ्या शेठांनी मान हलवली, झाला नियम. कागदावर काही नव्हतं. सकाळी फाटकातून आत येताना ज्याने त्याने सांगायचं, आज कुठे जायचं आहे. तोंडगाव, काटा, अनसिंग... ज्याचं घर जवळ पण संध्याकाळी रिसोडला बहिणीकडे जायचं असेल, त्याचा नंबर त्या दिवशी वर. आणि सांगितलं ते मानायचं. खरं का खोटं, पाहायला जायचं नाही.

माझा नंबर कायम शेवटचा. "तुले कायले पायजे वं प्लग? तुह्यं घर तं इथून थुकलं तरी पोचते," असं म्हणून ती माझी पिन काढायची आणि मला तिच्या डब्यातली जवसाची चटणी द्यायची. म्हणजे नुकसानभरपाई.

या नियमाशी एकदा एक हमाल खोटं बोलला. रिसोडला जायचंय सांगून पहिला नंबर घेतला आणि संध्याकाळी बसस्टँडसमोर चहा पिताना सापडला. बाया म्हणाल्या, आता याला चांगला झोडप. दुसऱ्या दिवशी विमलने स्वतःच्या हाताने त्याची गाडी सगळ्यात आधी लावली आणि मोठ्याने म्हणाली, "काल रिसोडहून थकून आला अशीन बिचारा." बस. तो माणूस त्यानंतर महिनाभर खाली मान घालून पायी आला. तिला हे औषध फार आवडलं. तिला वाटलं, हे सगळ्यांना लागू पडतं.

मग धाकटे शेठ आले. पुण्याला शिकून आलेले, बोलायला गोड, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. मोठ्या शेठांचे गुडघे गेल्यावर मिल यांच्याकडे आली. त्यांनी पांढरीशुभ्र इलेक्ट्रिक कार घेतली आणि शेडमध्ये तिचं वेगळं यंत्र बसवलं. त्या यंत्राची आणि आमच्या प्लगांची लाइन एकच. कार लागली आणि सोबत आमच्या गाड्या लागल्या की बटन खाली पडायचं, म्हणून इलेक्ट्रिशियनला हुकूम झाला, कार लागली की बाकीच्या पिना काढायच्या. पहिल्याच दिवशी विमल धाकट्या शेठांपुढे जाऊन उभी राहिली. "शेठ, तुमचा बंगला तं त्या चौकात हाय. तुमचा नंबर शेवटचा." ते हसले. म्हणाले, "ताई, मला आज नागपूरला जायचंय." विमलने लगेच माघार घेतली. "नागपूरले? मंग पह्यला नंबर तुमचा. नियम म्हंजे नियम."

त्या दिवसापासून ती कार रोज नागपूरला जायला लागली. म्हणजे सकाळी जायची, तोंडी. दुपारी ती शेडमध्येच उभी असायची, संध्याकाळी बंगल्यासमोर, आणि रात्री आमच्या वस्तीतल्या पोरांना ती आइस्क्रीमच्या दुकानासमोर दिसायची. नागपूर एवढं जवळ आलेलं सरकारलाही कळलं नसेल. विमलने तिचं जुनं औषध काढलं. एका सकाळी सगळ्यांदेखत म्हणाली, "काल नागपूरहून दमून आले असान शेठ." धाकटे शेठ म्हणाले, "हो ना ताई. फार ट्रॅफिक होतं." आणि आत निघून गेले.

विमल शेडमध्ये पिन हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हाताऱ्या बाईचा वाटला. लाज वाटण्यासाठी आधी समोरचा माणूस माणूस वाटावा लागतो, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. मी चिडून म्हणाले, "अगं, तो रोज खोटं बोलतो. तोंडावर सांग त्याला, नाहीतर मी सांगते." तर उलट माझ्यावरच उखडली. "आपुन जर पाहाले लागलो का कोन कुठं गेलता, तं मंग नियम मेला कुंदा. मंग शेडपाशी चौकीदार बसवा लागते, आन् चौकीदार कोनाचा राह्यते? शेठचा." तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही. भल्या माणसांसाठी केलेला नियम लबाडाच्या हातात गेला की तो लबाडाचाच होतो, आणि मरतो भला माणूस. पण तिला कोण समजावणार? जगाशी भांडायची, आणि दिलेल्या शब्दापुढे मात्र मुकाट व्हायची.

तिची अडचण अशी होती की अनसिंगला तिच्या गल्लीत रात्री दिवा मिणमिणायचा. गाडी रात्रभर लावली तरी पोट भरायचं नाही. बॅटरीही आता जुनी झाली होती. सकाळी येण्यापुरतं घरचं पुरायचं, परतीचं मिलमध्ये भरून घ्यावंच लागायचं. मिलची शेड ही आम्हा जवळच्यांसाठी सोय होती, तिच्यासाठी घरी पोचण्याचा रस्ता होता. हे धाकट्या शेठांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, माझ्यासमोर. ते म्हणाले होते, "बघू ताई, काहीतरी व्यवस्था करू." ही व्यवस्था शेवटपर्यंत भविष्यकाळातच राहिली.

त्या दिवशी उन्हाळ्याची सकाळपाळी होती. दुपारी सुटी, म्हणजे एरवी संध्याकाळी कार निघाल्यावर मिळायचा तो तासभराचा प्लगही नाही. कार सकाळीच लागलेली, नागपूर सांगून. विमलने एकदा हळूच आपली पिन लावून पाहिली, बटन पडलं, इलेक्ट्रिशियन धावत आला आणि पिन काढून गेला. त्या बिचाऱ्याचीही नोकरी होती. सुटी झाली तेव्हा तिच्या गाडीत चार्ज जेमतेम होता. मी म्हणाले, माझ्या घरी चल, गाडी तिथे लाव, ऊन उतरल्यावर जा. तर म्हणे, "पोरगी येऊन राह्यली अकोल्याहून, घराले कुलूप हाय, किल्ली माह्यापाशी." एसटी? "गेली थे. आन् पोचते वं, हळू हळू नेतो." हात वर केला, रुमाल घट्ट बांधला आणि निघाली. फाटकाबाहेर कुणावर तरी ओरडलीही... मला ऐकू आलं होतं.

पुसद रोड रुंद करताना कडेची कडुनिंबाची झाडं तोडली आहेत. नवीन लावलेली गुडघ्याएवढी आहेत, त्यांच्याभोवतीचे लोखंडी पिंजरेच जास्त उंच आहेत. गाडी अनसिंगच्या अलीकडे बंद पडली. ती ढकलत राहिली. दुसरीने गाडी रस्त्यात सोडून दिली असती, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मिलमध्ये यायचं होतं आणि एसटीवाल्याला तर ती सांगून बसली होती. टेम्पोवाल्याने तिला पाहिलं तेव्हा ती गाडीला टेकून खाली बसली होती. गाडीची पडली होती तेवढ्या सावलीत. त्या रस्त्यावर तेवढीच सावली होती.

दवाखान्याच्या पायरीवर मी प्रल्हादभाऊंसोबत बसले होते. इलेक्ट्रिक गाडी येते ती कळत नाही. मान वर केली तर पांढरी कार समोर उभी. नागपूरला गेलेली. धाकटे शेठ उतरले, हात जोडले, डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. आत एसी इतका गार होता की दार उघडताच त्याची झुळूक माझ्या पायांना लागली. दिवसभराचं ऊन पिऊन ती कार तृप्त उभी होती, आणि त्याच उन्हात... जाऊ द्या. मी काय लिहिणार होते ते तुम्हाला कळलं आहे.

अनसिंगच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदन झालं, तिथे मिलच्या सगळ्या बाया आल्या. शेठ आले नाहीत. त्यांनी मिलमध्ये वेगळी शोकसभा ठेवली, आणि ठेवली कुठे, तर त्याच शेडमध्ये. कार बाजूला काढून खुर्च्या मांडल्या. शेडला विमलचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी तयार होती, "कै. विमलताई पडघान सौर चार्जिंग केंद्र". प्रल्हादभाऊ पाटीकडे पाहत राहिले आणि हळूच माझ्या कानात म्हणाले, "ताई, आमच्यात कै. नाई लिहित. कालकथित लिहितेत." इतकी वर्षं ती यांच्या मिलमध्ये राबली. ती कुठल्या घरातली, तिच्या घरात गेलेल्या माणसाला काय म्हणतात, हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. कैलासाला पाठवून मोकळे झाले.

धाकट्या शेठांनी भाषण केलं. म्हणाले, विमलताई सूर्याच्या उपासक होत्या, आणि दैव पाहा, सूर्यानेच त्यांना नेलं. लोकांनी माना हलवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन तिच्या बाजूचं होतं हो! ज्या उन्हाने तिला घरी पोचवायचं, ते कुणीतरी आधी पिऊन बसलं होतं. त्यात सूर्याचा काय दोष?

प्रल्हादभाऊंना दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माणूस सभेत कधी बोललेला नाही. उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "मले एकच इच्याराचं हाय. त्या दिवशी शेठ नागपूरले गेलते काय?"

हिशेबनीस पायाकडे पाहत होता. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. धाकट्या शेठांनी घड्याळाकडे पाहिलं आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "आपण आता दोन मिनिटं मौन पाळू या." सगळे उभे राहिले. मी आधीच उभी होते. मी म्हणाले, "नाही गेले, भाऊ. कार इथंच होती. याच प्लगला." मौन सुरू झालं होतं, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी कुणावर आली नाही. मौनाचा एवढा सुंदर उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतर माझी बदली नमुन्यांच्या टेबलावरून गोदामात झाली. झाली तर झाली, आता पोती मोजते, तोंड तर माझंच आहे. शेडच्या प्लगांना सुरक्षिततेच्या कारणाने कुलूप लागलं. कारचं यंत्र तेवढं चालू आहे, त्याला बहुधा सुरक्षिततेचा प्रश्न येत नाही. पाटी "कै."सकट लटकलेली आहे. काट्याची एक बाई पुन्हा एसटीने यायला लागली आणि तोंडगावच्या दोघांनी जुन्या पेट्रोलच्या गाड्या दुरुस्त करून आणल्या. नियम मेला. कुणी त्याची शोकसभा घेतली नाही.

मागच्या रविवारी मी अनसिंगला गेले, माझ्या स्कूटरवर. ढगाळलेलं होतं, उकाडा होता. मिलमध्ये चार्ज बंद आणि घरी आदल्या दिवशी वीज गेलेली, त्यामुळे तिच्या दारात पोचले तेव्हा माझ्या गाडीचा काटा पार खाली आलेला. प्रल्हादभाऊ ओसरीवर बसले होते. शेजारी विमलची डाळिंबी गाडी, पुसून लख्ख केलेली, आणि खिडकीतून आलेली वायर तिला लावलेली. मला नवल वाटलं. मुलगी अकोल्याला, भाऊंना गाडी चालवता येत नाही. मी विचारलं, "चालवतं कोण हिला?"

"कोनीच नाई."

"मग चार्ज कशाला करता?"

ते उठले. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्यापुढे ठेवला. "आता कवाबी पाहा, भरेल राह्यते," ते म्हणाले. "वाशीमले जाऊन परत येईन येवढी." मी पाणी प्याले. इतकी भांडखोर मी, पण त्या माणसासमोर मला धड रागावताही येईना.

निघायची वेळ झाली तेव्हा ते माझ्या गाडीपाशी आले, वाकून काट्याकडे पाहिलं. ओसरीवर गेले, विमलच्या गाडीची पिन काढली आणि वायर ओढत माझ्यापर्यंत आणली.

"राहू द्या भाऊ, जाईन मी हळूहळू," मी म्हणाले.

"नाई," ते म्हणाले. "तुमचं गाव लांब हाय ताई. तुमची लावा आधी."

इतक्या वर्षांत माझा पहिला नंबर कधी लागला नव्हता. मी ओसरीवर बसून राहिले, गाडी भरेपर्यंत.